मुळाला खालची दिशा कशी कळते?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा परवा फोन आला. म्हणाले, "तू जन्मभर झाडंच शिकवलीस, तर झाडांवरच बोल. वीस मिनिटं देतो. मसालेभात गार व्हायच्या आत संपव." म्हणून घड्याळ समोर ठेवलं आहे. घड्याळाशेजारी ही काचेची बरणी आहे. मागच्या रांगेतून ती लोणच्याची वाटत असेल. पण तिच्यात आतून ओला टिपकागद लावलाय, आणि कागद व काच यांच्या मध्ये उडदाचे सहा दाणे अडकवलेत. दाण्यांना मुळं फुटली आहेत. काल रात्रीपर्यंत ती सरळ खाली जात होती. आज सकाळी नऊ वाजता, तुम्ही सगळे गेटवर एकमेकांना ओळखायची खटपट करत होतात तेव्हा, मी ही बरणी आडवी केली. आता साडेबारा वाजलेत. जेवायला जाताना जवळून बघा. सहाच्या सहा मुळांची टोकं पुन्हा जमिनीकडं वळलेली दिसतील.

हा प्रयोग आपण सगळ्यांनी नववीत केला होता. १९८५ साल. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली, आणि काचेच्या बरण्या प्रत्येकानं घरून आणायच्या. तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, "सर, मुळाला डोळे नाहीत, कान नाहीत, मग त्याला खालचं कसं कळतं?" सगळा वर्ग हसला होता. सर हसले नव्हते. सर म्हणाले, "मलाही पुरतं माहीत नाही. शोधून सांगतो." शिक्षकाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं, चाळीस वर्षं उशिरा आलेलं उत्तर आहे. आणि त्या उत्तरात माझा एक कबुलीजबाब अडकलेला आहे. तो शेवटी सांगतो. आधी मूळ.

मी भीमेच्या पलीकडचा, शिरूर तालुक्यातला. दौंडला मामांकडं राहून शिकलो. सुट्टी लागली की पारगाववरून भीमा ओलांडायची, न्हावऱ्याच्या बाजूला जायचं. नदीच्या दोन्ही अंगांना जमीन तीच, पण त्या काळी फरक डोळ्यांत भरायचा. दौंडच्या बाजूला खडकवासल्याचा कालवा, ऊस आणि गुऱ्हाळं. आमच्याकडं वरच्या रानात बाजरी, मटकी, हुलगे, उडीद. आमचं सगळं पावसावर. माझे आजोबा म्हणायचे, बागायतदार पिकाचा शेंडा बघतो, कोरडवाहू शेतकऱ्यानं मूळ बघावं.

मूळ खाली जातं हे आपण इतकं गृहीत धरतो की त्यातलं नवल संपलेलं असतं. उसाची लागण आठवा. दोन डोळ्यांची टिपरी सरीत आडवी दाबतात. दोन डोळे दोन अंगांना. टिपरी आडवी, अंधार सगळीकडं सारखा, वर माती, खाली माती. तरी कोंब वर येतो आणि मुळी खाली जाते. वादळात ऊस लोळतो, आठ दिवसांनी बघावं तर पडलेल्या उसाचा शेंडा पेरापाशी वाकून पुन्हा आभाळाकडं निघालेला असतो. भुईमुगाचं तर आणखी गमतीचं. फूल वर लागतं, आणि फूल गळल्यावर त्याची आरी सुटते ती थेट जमिनीकडं. आपल्या घरच्यांनी भुईमुगावरून रिकामा पिंप फिरवलेला कित्येकांनी पाहिला असेल. आऱ्या लवकर मातीत शिराव्यात म्हणून ती मदत. पण दिशा पिंपानं दाखवलेली नसते. ती आरीला आधीच ठाऊक असते.

कशी ठाऊक असते?

पहिलं पक्कं उत्तर १८०६ साली मिळालं. टॉमस अँड्र्यू नाइट नावाचा इंग्रज, बागायतीचा नाद असलेला माणूस. त्याच्या बागेतून ओढा वाहत होता. त्यानं ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं चाक बसवलं आणि चाकाच्या कडेला भिजवलेले घेवड्याचे दाणे बांधले. चाक उभं, मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे. त्याचा हिशेब असा: दाणा सतत फिरतोय, तर त्याच्यासाठी 'खाली' अशी एक बाजू उरतच नाही. क्षणात इकडं, क्षणात तिकडं. उरते ती फक्त चाकाची बाहेर फेकणारी ओढ. गोफण फिरवताना दगड हाताला बाहेर ओढतो, ती. काही दिवसांनी पाहिलं, तर सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या अंगाला गेली होती आणि सगळे कोंब मध्याकडं.

म्हणजे मुळाला जमीन कळत नाही. माती, ओल, अंधार या गोष्टींचाही इथं संबंध नाही. मुळाला ओढ कळते. पृथ्वीनं ओढलं तर पृथ्वीकडं, चाकानं ओढलं तर चाकाबाहेर.

पण ही ओढ मुळाला कुठल्या भागात कळते? चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस या दोघांनी झाडांच्या हालचालींवर पुस्तक लिहिलं, ते १८८० साली आलं. त्यांनी मुळाचं अगदी टोक, मिलिमीटर-दीड मिलिमीटर, हलकेच कापलं. मूळ वाढत राहिलं, पण आडवं ठेवलं तर वाकेना. टोक पुन्हा तयार झालं की पुन्हा वाकायला लागलं. गंमत अशी की प्रत्यक्ष वाक टोकाला येतच नाही, तो टोकाच्या थोडा मागं येतो, जिथं पेशी लांब होत असतात. म्हणजे कळतं एका जागी आणि वळतं दुसऱ्या जागी. मधे निरोप जातो.

टोकाला काय असतं? मुळाच्या टोकावर पेशींची एक टोपी असते. माती टोकरत पुढं जाताना टोक घासू नये म्हणून. या टोपीच्या मधल्या पेशींमध्ये पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, जड कण असतात. १९०० साली हाबरलांट आणि नेमेत्स या दोन शास्त्रज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितलं की हे कण म्हणजेच मुळाचा ओळंबा. गवंडी भिंत उभी आहे का ते ओळंबा सोडून बघतो, तसं. डब्यात अर्धे तांदूळ घ्या आणि डबा आडवा करा. तांदूळ घसरून नव्या तळाला बसतात. मूळ आडवं झालं की पेशीतले हे कण काही मिनिटांत असेच नव्या तळाला येऊन बसतात. पुढं ज्या रोपांना पिष्ट तयारच करता येत नाही अशी रोपं अभ्यासली गेली. ती वळतात, पण फार सावकाश आणि अर्धवट. ओळंबा हलका झाला की गवंड्याचा अंदाज चुकतो.

कण खाली बसले की ऑक्झिन नावाचं वाढीचं द्रव्य मुळाच्या खालच्या बाजूला जास्त जायला लागतं. इथं माझे विद्यार्थी दरवर्षी अडखळतात. वाढीचं द्रव्य खाली जास्त गेलं, तर खालची बाजू जास्त वाढायला हवी आणि मूळ वर उचलायला हवं. पण मुळाच्या पेशी या द्रव्याला फार नाजूक असतात. जास्त झालं की त्यांची वाढ उलट मंदावते. खालची बाजू थबकते, वरची वाढत राहते, म्हणून टोक खाली झुकतं. कोंबाचं उलट. तिथं तेच द्रव्य खालच्या बाजूची वाढ वाढवतं, म्हणून कोंब वर उठतो. लोळलेला ऊस उठतो तो या एका द्रव्यामुळे, आणि टिपरीची मुळी खाली जाते तीही त्याच द्रव्यामुळे.

हे सगळं बरोबर असेल तर ओढ काढून घेतली की काय होईल? हा प्रश्न आता आपल्या देशानंही विचारलाय. ३० डिसेंबर २०२४ ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी६० उडालं. रॉकेटचा शेवटचा टप्पा फेकून न देता प्रयोगांसाठी कक्षेत फिरवत ठेवला होता. त्यात एका बंद डबीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत त्यांना मोड आले, पुढं पानंही आली. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, त्यांच्या सामानात मेथी आणि मूग होते. तिथं ओळंबा तरंगतो. बी रुजतं, मूळ वाढतं, पण 'खाली' असं काही नसल्यानं ते इतर खुणांवर चालतं. उजेड कुठं, ओल कुठं, कशाला घासतंय. मला या बातम्या वाचताना मौज वाटली ती वेगळ्याच कारणानं. चवळी, मेथी, मूग. अंतराळात गेलं ते आपल्या मांडणीवरच्या डब्यांतलंच.

आता वीज. आणि आता कबुलीजबाबाची वेळ जवळ आली.

त्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी जोड्या पाडल्या होत्या. माझी जोडी माझ्या बाकावरच्या जोडीदाराशी. नाव घेत नाही. तो सभागृहात आहे आणि आत्ताच मान खाली घालून मोबाइल बघायला लागलाय. मुळाला डोळे नाहीत, कान नाहीत, असं विचारणारा मुलगा तोच. रेल्वे कॉलनीत राहायचा. त्याच्या घरी तारा, होल्डर, जुने सेल यांचं एक खोकंच होतं. त्यानंच सुचवलं, "मुळाला वीज लावून बघू." मी घरून आईनं बांधून दिलेले उडीद आणले. उथळ भांड्यात नळाचं पाणी, मधोमध दाण्याचं मूळ उभं, आणि दोन बाजूंना दोन तारा.

त्यानं एक भांडं लावलं, मी दुसरं. माझ्या भांड्यात टॉर्चचे चार नवे सेल आणि तांब्याच्या सोललेल्या तारा. त्यानं मात्र जुना सेल फोडून आतली काळी कांडी काढली, दोन सेलमधल्या दोन कांड्या, त्या पाण्यात सोडल्या आणि एकच सेल जोडला. त्याचं म्हणणं, "तांबं पाण्यात हिरवं पडतं, ते मुळाला लागेल." मी म्हटलं, "तुझं काहीतरीच."

दुसऱ्या दिवशी माझी मुळं अधिक टोकाकडं वाकली होती. त्याची उणे टोकाकडं.

आम्ही तीनदा केलं. तीनदा तसंच. त्यानं आपल्या वहीत आकृत्या काढल्या, तारीखवार, पेन्सिलीनं, मूळ किती वाकलं ते कोनमापकानं मोजून. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी विचारलं, "दोघांचं एकच येतंय ना? दोन्ही वह्या घेऊन या." आणि मी सरांना सांगितलं, "याच्या भांड्याच्या तारा उलट लागल्या होत्या सर. त्याचं चुकलंय. त्याची वही भिजली." वही भिजली नव्हती. माझ्या दप्तरात होती. तक्त्यावर फक्त माझे आकडे गेले. तक्ता स्वच्छ, एकच बाण, एकच निष्कर्ष: मूळ अधिक टोकाकडं वळते. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. व्यासपीठावर आम्ही दोघं गेलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानंतर दहावी होईपर्यंत विज्ञानाच्या तासाला त्यानं हात वर केलेला मला आठवत नाही.

पुढं मी वनस्पतिशास्त्र घेतलं. आणि या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही.

फिनलंडच्या एल्फविंग नावाच्या शास्त्रज्ञानं १८८२ साली पाहिलं होतं की पाण्यात प्रवाह सोडला तर मुळं अधिक टोकाकडं वाकतात. म्हणजे माझा तक्ता. पण पुढं इतरांनी प्रवाह अगदी क्षीण ठेवला, तेव्हा मुळं उणे टोकाकडं वाकली. म्हणजे त्याची वही. मग वाद सुरू झाला तो शंभर वर्षांवर चालला. एका गटाचं म्हणणं, अधिक टोकाकडचा वाक हा खरा प्रतिसादच नव्हे. जोरदार प्रवाहानं त्या बाजूच्या पेशी दुखावतात, त्यांची वाढ थांबते, आणि दुसरी बाजू वाढत राहिल्यामुळे मूळ दुखावलेल्या बाजूकडं झुकतं. तांब्याची तार अधिक टोकाला विरघळते आणि तांबं मुळाला विषासारखं बाधतं, हेही मला पुढं शिकताना कळलं. चार सेल आणि तांब्याची तार. माझी मुळं वळली नव्हती, बहुधा ती पोळली होती. काळ्या कांड्या घेणारा पोरगा चौदाव्या वर्षी माझ्यापेक्षा चांगला प्रयोग करत होता.

पण गोष्ट इथंही संपत नाही. मुळाला विजेशी घेणंदेणंच काय? तर आहे. आपल्याकडं जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाडांतले विजेचे बारीक फेरफार मोजले. झाड आडवं केल्यावर त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूत विजेचा फरक पडतो, हेही त्यांनी नोंदवलं. पुढं १९८२ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अतिशय नाजूक उपकरणानं एका मुळाभोवतीचे विजेचे प्रवाह मोजले. मूळ कशाचं होतं? अळिवाचं. बाळंतिणीच्या लाडवातला अळीव. वाढत्या मुळाभोवती त्याचा स्वतःचाच क्षीण प्रवाह असतो. टोकाकडून आत शिरतो, मागच्या भागातून बाहेर पडतो. मूळ उभं असताना हा प्रवाह चारी बाजूंना सारखा होता. मूळ आडवं केलं, आणि साधारण अर्ध्या मिनिटात टोपीच्या वरच्या आणि खालच्या बाजूंचे प्रवाह एकमेकांच्या उलट वाहायला लागले. डोळ्यांना वाक दिसायच्या कितीतरी आधी. म्हणजे ओळंबा घसरल्याची पहिली खबर विजेच्या रूपात उमटते.

शेतकऱ्यांसाठी यात एक कामाची गोष्ट आहे. आपल्या पट्ट्यात लिंबू-मोसंबीला डिंक्या होतो. तो करणारा फायटोप्थोरा हा बुरशीसारखा जीव साचलेल्या पाण्यातून पोहणारे बीजाणू सोडतो. या जातीच्या जीवांचे बीजाणू मुळाभोवतीच्या विजेच्या खुणेवरून मुळापर्यंत पोहोचतात, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याला ती वीज बंद करता येत नाही. पण पोहायला पाणी न देणं आपल्या हातात आहे. झाडाच्या बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा असं सांगतात, ते याचसाठी.

आता शेवटचा कागद. २००० साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी तोच जुना वाद पुन्हा हातात घेतला. मूळ नेमकं कुठं वळतं, अधिककडं की उणेकडं? त्यांनी मुळाची लांबी बारीक भागांत वाटून, कॅमेऱ्यानं, प्रत्येक भाग कधी आणि कुठं वाकतो ते मोजलं. हा लेख माझ्या हाती आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. कोणतं पीक वापरलंय ते वाचलं आणि कप खाली ठेवला. उडीद.

आणि त्यांना काय दिसलं? एकाच मुळात, एकाच वेळी, दोन्ही वाक. टोकाजवळचा वाढीचा भाग उणे टोकाकडं वळतो, आणि त्याच्या थोडा मागचा भाग अधिक टोकाकडं. त्यांनी प्रत्येक भागाला स्वतंत्रपणे वीज देऊनही पाहिली. दोन्ही प्रतिसाद खरे निघाले. शंभर वर्षं दोन गट भांडत होते, आणि दोघांच्या पुढ्यातलं मूळ दोन्ही गोष्टी सांगत होतं. ज्यानं जिकडं पाहिलं, त्याला तेवढंच दिसलं.

अजूनही सगळं उलगडलेलं नाही. २०२२ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधून एक अभ्यास आला, मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावरचा. त्यात दिसलं की विजेला वळताना मूळ ऑक्झिनच्या वाटपावर अवलंबून राहत नाही. त्यासाठी त्याला सायटोकायनिन हे वेगळंच द्रव्य तयार करावं लागतं. म्हणजे ओढीचा निरोप एका वाटेनं जातो आणि विजेचा दुसऱ्या. आणि जमिनीत मूळ हे सगळं एकदम ऐकत असतं: ओढ, ओल, वीज, आडवा आलेला खडा. आमच्या वरच्या रानातल्या मुरमातलं उडदाचं मूळ उपसून बघा. शाळेच्या बरणीतल्यासारखं सरळ कधीच नसतं. नागमोडी असतं. दर वळणावर त्यानं कुणाचं तरी ऐकलेलं असतं.

आमच्या दोन भांड्यांत १९८५ साली नेमकं काय घडलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. नळाच्या पाण्यात क्षार किती होते, सेल किती उतरले होते, नोंद नाही. माझा तक्ता केव्हाच गेला. पण एवढं सांगता येतं की दोन वह्यांतली फक्त एकच ठेवली तर ती गोष्ट कधीच कळली नसती. आणि जी दुसरी वही होती, ती जास्त काळजीनं लिहिलेली होती. मी ती लपवली, कारण मला स्वच्छ तक्ता हवा होता आणि क्रमांक हवा होता. सरांचा प्रश्न साधा होता: "दोन्ही वह्या घेऊन या." मी त्यानंतर कित्येक वर्षं महाविद्यालयात शिकवलं. प्रात्यक्षिकाच्या वेळी कुणी म्हणालं, "सर, माझं वेगळं आलंय," तर मी ते खोडू दिलं नाही. पण त्यानं जुनं काही फिटत नाही.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत आहात. तुमची मी माफी मागतो. त्याच्या तारा उलट लागल्या नव्हत्या.

आणि मित्रा, तू मोबाइल खाली ठेव. तुझी वही माझ्याकडं आहे. मामांचं घर बदललं, माझ्या बदल्या झाल्या, पण ती वही मी टाकली नाही. टाकायची हिंमत झाली नाही, आणि परत द्यायचीही झाली नाही. आज आणली आहे. कडा वाळवीनं थोड्या खाल्ल्यात, आकृत्या स्वच्छ आहेत. कोन सगळे वाचता येतात. ही तुझी वस्तू, तू घे. आणि तुझी हरकत नसेल तर एक प्रत शाळेच्या प्रयोगशाळेला दे. आता इथं चांगली प्रयोगशाळा झाली आहे, जिन्याखालची खोली गेली. नववीच्या मुलांनी हा प्रयोग पुन्हा लावावा. उडीद मी देतो. कांड्या सेलच्याच वापरा, तांब्याची तार नको. आणि दोन्ही भांड्यांची नोंद तक्त्यावर लावा, जमलं नाही तरी, जुळलं नाही तरी.

माझी वीस मिनिटं झाली. बरणी इथंच ठेवतोय. जाताना वाकून बघा, पण कुणी सरळ करू नका. संध्याकाळपर्यंत तिला आडवीच राहू द्या.